जानेवारीत पास, एप्रिलमध्ये नापास

२०१२ च्या जानेवारीत धाकट्या भावाने नागपूरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत जो पसारा मांडला होता, त्याला आई ‘दुकान’ म्हणायची. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, टेबलावर थर्मल पेस्टची ट्यूब, स्क्रूड्रायव्हर आणि एक शंभरपानी वही. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. शिकवण्यांच्या पैशांतून त्याने इंटेलचा ‘आय-फाइव्ह २५०० के’ हा प्रोसेसर घेतला होता. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. नावातल्या ‘के’चा अर्थ असा, की याचा मल्टिप्लायर कुलूप न लावता येतो. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ३३ ने गुणलं की ३.३, बायोसमध्ये ३३ चे ४५ केले, की साडेचार.

आकडा बदलणं अर्ध्या मिनिटाचं काम. तो वेग प्रोसेसरला खरंच झेपतोय का, हे ताडून बघण्यात भावाचा सगळा महिना गेला. मी शाळेत गणित शिकवते. त्याच खोलीत पलंगावर बसून उत्तरपत्रिका तपासता तपासता मी ते सगळं बघत होते.

तो एकदम उडी मारत नव्हता. आधी ४०, मग ४२, मग ४४. दर पायरीला दहा मिनिटांची चाचणी आणि वहीत एक ओळ. ४५ वर विंडोज सुरू झालं आणि लगेच निळी स्क्रीन आली, खाली १२४ हा कोड. हा कोड दिसला की या पिढीच्या प्रोसेसरला बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडत असतं. त्याने ते थोडं थोडं चढवत १.३२ वर नेलं. ही वाढ फुकट मिळत नाही. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. मल्टिप्लायर ३३ वरून ४५ वर आणि व्होल्टेज १.२ वरून १.३२ वर गेलं, तर वेग ३६ टक्के वाढतो आणि वीज जवळपास ६५ टक्के. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

चाचणीसाठी तो ‘प्राइम ९५’ चालवायचा. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळ संख्या शोधण्याचा जो सामूहिक उपक्रम सुरू केला, त्यातला हा प्रोग्राम. दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या या प्रचंड संख्या. त्यांच्या शोधात एक गुणाकार चुकला, तर आठवड्यांची मेहनत वाया. म्हणून यंत्राला आधी छळून बघण्याची सोय त्यातच आहे. उत्तर आधीच माहीत असलेली गणितं तो प्रोसेसरला सतत घालतो आणि ताळा बघतो. मला हे मनापासून पटलं. आम्हीही शाळेत दुसरं काय करतो!

आणि मग ती संध्याकाळ. चाचणी सुरू होऊन तीन तास चाळीस मिनिटं झाली होती. चार कोअरचे चार वर्कर चालू होते. तिसरा थांबला. ओळ अशी होती: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. संगणक मात्र चालूच. गाणं वाजत होतं, माऊस फिरत होता, बाकीचे तीन वर्कर गणितं सोडवत होते. मी म्हटलं, “अरे, चाललंय ना सगळं?” तो म्हणाला, “ताई, चाललंय म्हणूनच भीती वाटते.”

त्याने मला ०.५ चा अर्थ सांगितला. एवढ्या मोठ्या संख्यांचा गुणाकार हा प्रोग्राम दशांशातल्या हिशेबाने करतो आणि शेवटी प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेतो. उत्तर १७.०२ आलं तर १७, यात वाद नाही. १७.५ आलं तर? १७ की १८, कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी एखादा बिट उलटलेला असतो. निळी स्क्रीन निदान ओरडून सांगते. ही चूक बोलत नाही.

व्होल्टेज आणखी एक पायरी चढवून रात्रभर चाचणी झाली. बारा तास, ७४ अंश, एकही चूक नाही. खोलीत तेव्हा १९ अंश. वहीत त्याने ‘पास’ लिहिलं.

एप्रिलमध्ये मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो त्याने एका झिप फाइलमध्ये बांधले. मूळ फोल्डर काढून टाकण्याआधी सहज उघडून बघितलं, तर दोन फोटोंवर सीआरसीची चूक. बांधताना ताळा लिहिला होता एक, उघडताना निघत होता दुसरा. सगळ्यांचं लक्ष आधी हार्ड डिस्ककडे गेलं. त्याचं गेलं भिंतीवरच्या थर्मामीटरकडे: ३८ अंश.

प्रोसेसरवरचा पंखा उष्णता खोलीतल्या हवेला देतो; त्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. वाळ्याचा मोठा कूलर पुढच्या खोलीत होता, मागे त्याचा वाराही पोचत नव्हता. खोली १९ अंशांनी तापली, तसा प्रोसेसरही ७४ वरून ९३ वर. ९८ ला हा प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. प्राइम ९५ पुन्हा लावलं, ते वीस मिनिटांत थांबलं.

भावाने त्याच दिवशी मल्टिप्लायर ४२ वर आणला, व्होल्टेज १.२२ वर. नवी चाचणी मात्र मुद्दाम मे महिन्यात, सकाळी सातला सुरू केली. भर दुपार मध्ये यावी म्हणून. नवव्या तासाला वीज गेली आणि जुन्या यूपीएसने पाच मिनिटांतच मान टाकली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. वहीतली ती ओळ अजून आहे: ‘४२, १.२२, खोली ३९, प्रोसेसर ८३, बारा तास, चूक नाही.’

मग त्याने लग्नाचे फोटो नव्याने बांधले, दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडले, एकूण एक फाइल मूळ फाइलशी ताडून घेतली. मी मागे उभी होते. शेवटच्या फाइलपर्यंत सगळं जुळलं, तेव्हा कुठे त्याने मूळ फोल्डर डिलीट केला.