भिलाईहून रतनपूरला

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या पोलादाच्या भट्ट्या. 1955 साली रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या शेजारी आखीवरेखीव सेक्टरांचे एक नवे शहर उभे राहिले. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. पण मराठी माणूस या मुलखात त्याच्याही दोन शतके आधी येऊन गेला होता, तोही घोड्यावर बसून. त्याच्या खुणा पाहायच्या तर भिलाईहून रेल्वेने रायपूरमार्गे बिलासपूर गाठावे आणि तिथून सुमारे 25 किलोमीटरवरच्या रतनपूरला जावे. सकाळी लवकर निघालेले बरे.

रतनपूर ही हैहयवंशी कलचुरी राजांची जुनी राजधानी. गावात जिकडे पाहावे तिकडे तळी, पडझड झालेला किल्ला आणि महामायेचे प्रसिद्ध मंदिर. नवरात्रात इथे हजारो ज्योती लागतात आणि पाय ठेवायला जागा मिळत नाही. शांतपणे गाव पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर या किल्ल्यापुढे येऊन ठाकले. राजा रघुनाथसिंह म्हातारा, त्यात एकुलता एक मुलगा गेल्याच्या दुःखाने खचलेला. त्याने शस्त्रच उचलले नाही. तोफांनी राजवाड्याचा काही भाग पडला तेव्हा, जुन्या नोंदी सांगतात, एका राणीने तटावर जाऊन तहाचे निशाण दाखवले आणि दरवाजे उघडले गेले. राज्य बुडाले, पण गावाची कत्तल टळली. गावावर एक लाख रुपये खंडणी बसली. निर्णय राणीने घेतला आणि नोंदीत नाव मात्र राजाचे राहिले! पुढे 1744 मध्ये बंगालच्या नवाबाने भेटीला बोलावून भास्कररामांना दगाफटक्याने मारले.

1758 पासून रघूजींचे धाकटे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. लोक त्यांना राजाच मानत. टेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. पायऱ्या चढून गेले की सारे रतनपूर पायाशी दिसते. मोडी लिपी त्यांच्यामुळे या दरबारात आली, आणि दसऱ्याला सोने वाटायची चालही त्यांनीच सुरू केली म्हणतात.

डिसेंबर 1787 मध्ये बिंबाजी वारले. त्यांच्या राण्यांपैकी उमाबाई सती गेल्या. आनंदीबाईंनी मात्र वेगळी वाट धरली. नागपूरहून पुतणे व्यंकोजींच्या नावाने सुभेदार आले, तरी आनंदीबाईंनी सत्तेवरचा हक्क सहजासहजी सोडला नाही. एकाच घरातल्या दोन बायकांपुढे चिता आणि गादी असे दोन रस्ते होते. याच गावात ‘बीस दुअरिया’ नावाची वीस दारांची एक वास्तू आहे. राजा लक्ष्मण साय यांच्या राण्या सती गेल्याची आठवण तिच्याशी जोडली जाते. तिथे उभे राहिले की आनंदीबाईंच्या हट्टाचे मोल कळते.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने दुसऱ्या लग्नासाठी रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि 1534 मध्ये साऱ्या देशाच्या चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. छत्तीसगढात धर्माची उलथापालथ झाली ती राजवाड्यातून नव्हे, शेताच्या बांधावरून. बिंबाजी गादीवर येण्याच्या दोन वर्षे आधी, 1756 मध्ये, गिरौदपुरीला घासीदासांचा जन्म झाला. मूर्तिपूजा नको, दारू-मांस नको, माणसामाणसांत उच्चनीच नको, फक्त सत्यनाम, असे त्यांनी सांगितले. राजे मंदिरे बांधत होते त्या काळात ज्यांना मंदिराच्या पायरीवर उभे करत नव्हते, ते लोक त्यांच्यामागे गेले. घासीदास 1850 मध्ये गेले. त्यांचे पुत्र बालकदास जानवे घालून मानाने फिरू लागले ते वरच्या जातींना खपले नाही. 1860 मध्ये त्यांचा खून झाला.

गिरौदपुरीला आज 77 मीटर उंचीचा पांढरा जैतखांब आहे, कुतुबमिनारापेक्षाही उंच. तिथवर जायला वेगळा दिवस काढावा लागतो. पण डिसेंबरात भिलाईत असाल तर तेवढेही करायला नको. 18 तारखेच्या घासीदास जयंतीला भिलाई-दुर्गच्या वस्त्यांमध्ये मांदर वाजू लागतो आणि पंथी नाचणारी तरुण मुले एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. पोरांना घेऊन जावे, आणि जरा लवकर जाऊन पुढची जागा धरावी.