मागचा जिना

भाचा मुंबईत आर्किटेक्चर शिकतो. म्हणाला, "मामा, रविवारी चला. इमारती बघत हिंडायचं. एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात."

म्हणलं, "आरं, इमारत बघायलाबी माणूस लागतो व्हय?" तरी गेलो. सोनईहून एसटीनं आलेला मी, माझी पिशवी खांद्यालाच होती.

ओव्हल मैदानाशी वीस-पंचवीस माणसं जमलेली. सांगणारा पोरगा मनापासून बोलत होता. एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ. इंग्रजांनी रचलेला दगड. दुसऱ्या अंगाला समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर 1930 नंतर उठलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या इमारती. गोल कोपरे, बोटीसारखे सज्जे, खिडक्यांवर सावलीच्या पट्ट्या. आर्ट डेको म्हणतात त्याला. 1938 चं इरॉस थेटर त्यातलंच. 30 जून 2018 ला युनेस्कोनं मैदानाच्या दोन्ही अंगांना जागतिक वारसा ठरवलं.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. फोर्टात 1936 ची न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत बघितली. तिच्या अंगावर शिल्पकार पानसऱ्यांनी मोठाली कष्टकरी माणसं कोरलीत. मान वर करून बघत राहिलो. आपली माणसं भिंतीवर चढली की वारसा होतो. आत चढायची झाली तर कुठनं चढायची?

उत्तर जवळच होतं. एका जुन्या इमारतीच्या बोळात डोकावलो. मागच्या भिंतीला लोखंडी जिना. मजल्यामजल्यावर मोरी-संडासाच्या दाराशी टेकलेला. विचारलं, "ह्या जिन्यानं कोण जायचं?"

पोरगा थांबला. म्हणाला, "तो सर्व्हिसचा जिना. नोकर, सफाईवाले वगैरे."

मंडळी पुढं गेली. मी त्या 'वगैरे'त अडकलो. लिफ्ट आली, पाइप आला, काँक्रीट आलं. पण नकाशा काढणाऱ्याच्या पेन्सिलीतला मनू काही गेला नाही. घाण उचलणाऱ्याला त्यानं वेगळा रस्ता आखून दिला आणि पुढची बाजू देखणी केली.

मित्रांनो, माझ्या गावाचं नाव तुम्ही ऐकलंय. 1 जानेवारी 2013. मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मैल्याची टाकी साफ करायला म्हणून बोलावलं आणि मारून टाकलं. त्यातल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं, एवढाच गुन्हा. पेपरांनी त्याला सोनई हत्याकांड म्हटलं. जानेवारी 2018 ला नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. त्याच वर्षी मुंबईच्या इमारती वारसा झाल्या. एकाच वर्षाचे दोन कागद. पण दोन्ही एकाशेजारी ठेवून कोण वाचतो?

मैल्याची टाकीसुद्धा आधुनिक बांधकामच की! पक्कं घर, फरशी, गच्ची आणि खाली टाकी. संरक्षक साधनांशिवाय तिच्यात माणूस उतरवायला 2013 च्याच कायद्यानं बंदी केली. तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात. त्या तिघांना टाकीचं निमित्त सांगून बोलावता आलं, कारण हे काम त्यांचंच, असं सगळ्यांनी धरलेलंच होतं. मुंबईतला तो मागचा जिना आमच्या गावापर्यंत असा येतो.

संध्याकाळी भाच्याला म्हणलं, "चल, आता मी दाखवतो." परळची बीआयटी चाळ दाखवली, बाबासाहेब राहिले ती. मग दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. ओव्हलसमोर गोल सज्जे उठत होते, त्याच दशकात ह्या माणसानं ग्रंथांसाठी घर बांधलं. आपल्याला वेगळा जिना दाखवणाऱ्या शहरात पुढच्या दारानं आत जायचं घर!

भाचा गप होता. मग म्हणाला, "मामा, कॉलेजात आम्ही प्लॅन काढतो, तेव्हा टाकी कोण उपसणार, हे कुणी विचारतच नाही."

"तू इचार," म्हणलं.

गड्यांनो, इमारती बघायला जरूर जा. ऐका, शिका, समजून घ्या. पण पुढची बाजू बघून झाली की बोळात शिरा. मागचा जिना शोधा. आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारा: ह्यानं कोण चढायचं?

जय भीम.