गुजरीतले सोने

मोटार बंद पडली तर ती गॅरेजात नेता येते. पण कारखान्यानेच ती मोटार बनविणे बंद केले, तर तिला न्यायचे कुठे? ज्यांच्या अंगणात एखादी जुनी गाडी आच्छादन पांघरून उभी आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या घरी तो कॉन्टेसाच्या रूपाने आला आणि त्याच्या उत्तरासाठी आम्हा उभयतांना बेळगावच्या उद्यमबागेपासून बंगळूरच्या शिवाजीनगरपर्यंत फिरावे लागले.

गाडी आमच्या सासऱ्यांची. हुबळीला त्यांचा कापसाचा व्यापार. १९९५ साली त्यांनी ही पांढरी कॉन्टेसा घेतली आणि सौ. मोटार चालवायला शिकली ती हिच्यावरच. सासरे गेल्यावर गाडी तशीच उभी राहिली. पावसाळ्यात नारळाची झावळी पडून पुढची काच तडकली, पुढच्या चाकांचे बुश खिळखिळे झाले, ब्रेक धरेनासे झाले. त्यात २०२५ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाची पाळी आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींना १०,००० करण्यात आले. मेहुणे म्हणाले, "अक्का, इदन्न गुजरीगे हाकिबिडोण."

गुजरी म्हटले की आम्हा कोल्हापूरकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर महालक्ष्मीच्या देवळाजवळची सराफांची गल्ली येते. कानडीत मात्र गुजरी म्हणजे भंगार बाजार! सौ. ने भावाला एवढेच सांगितले, "काच मिळाली तर गाडी ठेवू. नाही मिळाली तर तू म्हणशील तसं."

या गाडीचे कूळ थोडे सांगायला हवे, कारण सामान शोधताना कूळच उपयोगी पडते. कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. तिचा सांगाडा व्हॉक्सहॉल या इंग्लिश कंपनीच्या जुन्या मोटारीचा. आरंभी आतले इंजिन मात्र अ‍ॅम्बॅसॅडरचेच, १,४८९ सीसीचे आणि जेमतेम ५० अश्वशक्तीचे. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे, ८८ अश्वशक्तीचे इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडीचे रूपच पालटले. ही इंजिने आपल्या मराठी मंडळींच्या इंदूरजवळ, पिथमपूरला बनत. फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडरच्या त्या जमान्यात हमरस्त्यावर कॉन्टेसा मागून आली की बाजूला होण्याचा रिवाज होता. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अ‍ॅम्बॅसॅडरही २०१४ मध्ये गेली.

आमची पहिली फेरी घरच्या घरीच, उद्यमबागेत. बेळगाव हे ओतकामाचे आणि लेथचे गाव. चारचाकीचा बुश म्हणजे दोन पोलादी नळ्या, एकात एक, आणि मध्ये रबर. ओळखीच्या टर्नरने जुना बुश मापून नळ्या कातून दिल्या आणि रबर ओतणाऱ्याने नळ्यांना चिकटवून रबर भरून दिले. चार दिवसांत काम झाले. आम्हाला हुरूप आला. सौ. ने पिशवीतून ब्रेकचा झिजलेला सिलिंडर काढला. त्याने तो हातात घेऊन परत केला.

"ताई, हे मी करणार नाही. बुश बिघडला तर गाडी आवाज करील. ब्रेक बिघडला तर तुम्ही घरी येणार नाही. ब्रेकचं सामान तयारच घ्या."

जे करता येते तेही सगळे करायचे नसते, हे त्या माणसाने आम्हाला फुकट शिकवले.

मग रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून आम्ही बंगळूरला उतरलो. मॅजेस्टिकहून मेट्रोने के. आर. मार्केट, तिथून टाऊन हॉलपर्यंत पायी, की जे. सी. रोड सुरू होतो. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र यांच्या नावाचा हा रस्ता. याच रस्त्यावर रवींद्र कलाक्षेत्र आहे. एकीकडे नाटकांचे फलक, तर दुसरीकडे ओळीने मोटारींच्या सामानाची दुकाने. बेअरिंग, आरसे, सीटकव्हर, क्लच प्लेटा. ऑइलचा आणि नव्या रबराचा वास नाकात बसतो.

पहिल्या तीन दुकानांत तरुण मुले होती. त्यांनी संगणकात पाहिले आणि म्हणाली, "स्टॉक इल्ला सार." चौथ्या दुकानात गल्ल्यावर सत्तरीचे गृहस्थ होते. "कॉन्टेसाना? पेट्रोला, डीझला?" त्यांनी विचारले.

"पेट्रोल, इसुझू," सौ. म्हणाली.

"नीवु हुब्बळ्ळियवरा?"

"हौद्री!"

त्या 'री'वर ते हसले आणि आम्हाला स्टुले मिळाली.

त्यांनी सांगितलेली गोष्ट कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडावी. ते म्हणाले, दुकानात जाऊन "कॉन्टेसाचे सामान आहे का" असे विचारूच नका. त्या नावाचे खोकेच आता राहिलेले नाही. तोच भाग आणखी कोणत्या गाडीला बसत होता ते विचारा. इसुझूचे इंजिन पुढे अ‍ॅम्बॅसॅडर १८०० मध्येही बसविले गेले. टॅक्सी आणि सरकारी ताफ्यांसाठी अ‍ॅम्बॅसॅडरचे सामान भरपूर निघाले, त्यामुळे इंजिनाचे गॅस्केट, फिल्टर अशा वस्तू त्या नावाखाली अजून सापडतात. तासाभरात आमची निम्मी यादी पुरी झाली. हे सारे त्यांच्या संगणकात नव्हते, डोक्यात होते.

ब्रेकच्या रबरांचे जुने पाकीट माळ्यावर सापडले, सील न फोडलेले. आम्ही हरखलो. गृहस्थांनी पाकिटावरचे साल दाखविले आणि ते बाजूला ठेवले. रबर डब्यातसुद्धा म्हातारे होते, कडक पडते. त्यांनी त्याच मापाचे नव्याने बनलेले रबर काढून दिले. जाताना आणखी एक सूचना केली. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यात जुन्या काळचे रबर फुगते किंवा चिरते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉलला टिकणारी घालावीत.

काचेचे विचारताच मात्र त्यांनी मान हलविली. "आ ग्लास बेरे याव गाडीगू बरल्ला." ती दुसऱ्या कोणत्याच गाडीला बसत नाही. इंजिनाला भाऊबंद असतात, काचेला नसतात. मागचे दिवे, डॅशबोर्ड, दारांच्या पट्ट्या यांचेही तेच. "गुजरीगे होगि," ते म्हणाले.

म्हणजे मेहुणे म्हणाले तिथेच जायचे, पण उलट्या कामासाठी!

शिवाजीनगरची गुजरी रसेल मार्केटच्या परिसरात आहे. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दारे, बंपर, सायलेन्सर छतापर्यंत रचलेले. दुकानदार दखनी, कानडी, तमिळ यांतली जी भाषा गिऱ्हाइकाला येईल ती बोलतात. चार ठिकाणी नकार ऐकल्यावर एकाने आम्हाला मागच्या आवारात नेले. तिथे एक निळी कॉन्टेसा विटांवर उभी होती. चाके नाहीत, इंजिन नाही, पण पुढची काच शाबूत. काचेच्या आत डॅशबोर्डवर गणपतीची छोटी मूर्ती अजून चिकटलेली.

भाव ठरला. काच उतरवायला कामगार आला तेव्हा सौ. पुढे होऊन म्हणाली, "थोडं थांबा." तिने गणपती हलकेच सोडवून दुकानदाराच्या हाती दिला. कुणाच्या तरी वडिलांची गाडी होती ती. एक जुनी गाडी चालू राहायची तर दुसरी कुठेतरी संपावी लागते, हे मला तोवर सुचले नव्हते.

काच आडवी ठेवली तर धक्क्याने तडकते, ती उभीच न्यावी लागते. सौ. ने येतानाच घरची वाकळ आणली होती, तिच्या माहेरच्या भाषेत कौदी. तिच्यात गुंडाळून, लाकडी चौकटीत उभी करून आम्ही ती ट्रान्स्पोर्टने हुबळीला पाठविली. काच बसली, ब्रेक धरू लागले, गाडी तपासणीत उतरली. पहिली फेरी मारायला किल्ली कोणी मागितली असेल? मेहुण्यांनीच.

आणखी पाच वर्षांनी काय, याचे उत्तर मजजवळ नाही. जे. सी. रोडवरच्या त्या गृहस्थांची मुले दुसऱ्या व्यवसायात आहेत. म्हणून वाचकांना एक विनंती. अंगणातली जुनी गाडी मोडीत घालायची वेळ आलीच, तर खुशाल घाला, फक्त आरटीओत तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या. पण त्याआधी एखाद्या जुन्या मेकॅनिकला विचारा, की अशीच गाडी जिवापाड सांभाळणारे कुणी त्याच्या माहितीत आहे का. तुमच्या गाडीची काच, दिवे, दाराचा एखादा दांडा यासाठी ते कदाचित पाचशे किलोमीटर फिरत असतील.