चौकट छापू नका

संपादकांचा फोन गणपतीच्या आधीच आला. ‘मॅडम, दिवाळी अंकासाठी चिंतेच्या आजारावर लिहा. आणि शेवटी ती सात प्रश्नांची चौकट द्या. वाचक घरच्या घरी गुण मोजतील, लोकांना ते फार आवडतं.’ लेख देते म्हटलं, चौकट देणार नाही. का देणार नाही हे सांगण्यातच माझी शब्दमर्यादा संपणार, असं दिसतंय.

ते सात प्रश्न म्हणजे ‘जीएडी-७’. रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ते प्रसिद्ध केले. हे तेच स्पिट्झर, ज्यांच्या पुढाकाराने १९८० साली अमेरिकन मानसोपचाराचा निदानग्रंथ नव्याने रचला गेला आणि जुन्या ‘अँक्झायटी न्यूरोसिस’मधून पॅनिक डिसऑर्डर आणि सततच्या चिंतेचा आजार असे दोन आजार वेगळे काढले गेले. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी आवरता आली नाही का, चिडचिड झाली का, काहीतरी भयंकर घडेल अशी धास्ती वाटली का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासायचं. हे ‘पुढे नीट तपासायचं’ मासिकांच्या चौकटीत क्वचितच छापलं जातं.

साधन वाईट नाही. फुकट आहे, दोन मिनिटांत होतं, मी स्वतः रोज वापरते. पण या वर्षी आलेला एक रुग्ण अजून डोक्यातून जात नाही. भाजीपाल्याचा टेम्पो चालवणारा, चाळिशीच्या आसपासचा. एका रात्री बोगद्यात गाडी असताना छातीत धडधड सुरू झाली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपण संपलो असं वाटलं. जवळच्या दवाखान्यात ईसीजी झाला, ट्रोपोनिन झालं, दोन्ही नॉर्मल. ‘गॅस चढलाय’ म्हणून इंजेक्शन मिळालं. पुन्हा झालं, पुन्हा तेच. मग टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, कुणीतरी सुचवलं म्हणून मानेचा एमआरआय. सगळीकडे एकच वाक्य ऐकायला मिळालं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही’, आणि चिठ्ठीवर अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता तेवढ्यापुरती दाबणारी गोळी.

माझ्याकडे आला तेव्हा सहायिकेने नेहमीप्रमाणे कागद भरून घेतला. गुण आले सहा, म्हणजे सौम्य. कागदाच्या तळाशी गुण नसलेला एक प्रश्न असतो, या त्रासामुळे कामात आणि घरात किती अडचण आली असा. तिथे त्याने ‘अजिबात नाही’वर खूण केली होती. बायको बाहेर बसली होती, तिला आत बोलावलं. ती म्हणाली, ‘मॅडम, हे आता गाडीवर जातच नाहीत. पुतण्या जातो. एकटे कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीत.’

तो खोटं बोलत नव्हता. बोगदा सोडला, मग रात्र सोडली, मग गाडीच सोडली. भीती वाटण्याचे प्रसंगच उरले नाहीत, तर गुण कुठून येणार? पॅनिक डिसऑर्डर आणि त्याच्या जोडीला आलेला ॲगोराफोबिया, म्हणजे मदत मिळणार नाही किंवा निसटता येणार नाही अशा जागांची भीती, यात हे नेहमीचं आहे. टाळाटाळ वाढत जाते तसा कागद कोरा होत जातो. म्हणून मी कागदाबरोबर तोंडी विचारते, ‘या त्रासामुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत?’ हा प्रश्न कोणताही फॅमिली डॉक्टर विचारू शकतो. त्याला एमडी लागत नाही.

आता थोडं गणित. संपादक कापणार, तरी लिहिते. दहा गुणांच्या रेषेवर हे साधन सततच्या चिंतेचा आजार असलेल्या शंभरांपैकी ८९ जणांना पकडतं आणि नसलेल्या शंभरांपैकी ८२ जणांना मोकळं सोडतं. ऐकायला उत्तम. दवाखान्यात हजार जण आले आणि त्यातल्या ८० जणांना तो आजार आहे असं धरा. कागद ७१ जणांना पकडेल, नऊ निसटतील. उरलेल्या ९२० पैकी मात्र सुमारे १६६ जणांना उगाच पकडेल. म्हणजे ज्यांच्या हातात ‘दहाच्या वर’ असा कागद पडला, त्या २३७ पैकी जेमतेम ३० टक्क्यांना तो आजार. काहींना दुसरा एखादा चिंतेचा आजार किंवा नैराश्य निघेल, पण हे वेगळं करायला कुणीतरी समोर बसावं लागतं. चौकट भरणाऱ्या वाचकासमोर फराळाचं ताट असतं.

२०२३ साली अमेरिकेच्या ‘प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स’ने ६४ वर्षांपर्यंतच्या सर्व प्रौढांची चिंतेसाठी चाचणी करावी अशी शिफारस केली. त्याहून मोठ्यांबाबत पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या बैठकांत लगेच सूर निघाला, आपणही करू. विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ सालीच जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी तपासणीचे निकष लिहून ठेवले आहेत. त्यातला एक असा, की निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी हवी. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात चिंता, नैराश्य यांसारख्या आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. (सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही हा आकडा आपल्याकडच्या भाषणांत ‘महाराष्ट्रातली परिस्थिती’ म्हणून ऐकवला जातो.) उपचार द्यायला माणसं नसताना आणखी कागद भरून घेणं म्हणजे रेशन दुकानात धान्य नसताना टोकन वाटणं.

माणसं उभी करता येतात, हे शेजारच्या गोव्यानं दाखवलं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ ही संस्था यांचा ‘मानस’ प्रयोग २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दवाखान्यात येणाऱ्या प्रौढांची चाळणी झाली, पण पुढे प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशक होत्या. आजार समजावणं, बोलणं, पाठपुरावा त्या करत, आणि अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी केंद्रांत बरं होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. तिथला डॉक्टर मुळातच रुग्णाला नावानिशी ओळखत असावा, असं माझं मत. कागदाचं कौतुक करणाऱ्यांनी हा दुसरा निकाल पुन्हा वाचावा.

फॅमिली डॉक्टरांना शिव्या घालायचा माझा विचार नाही. ओपीडीत शंभर माणसं आणि प्रत्येकाला तीन मिनिटं, त्यात मीही वेगळं काही केलं नसतं. शिवाय उलटी चूकही होते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. धडधड अचानक सुरू होऊन अचानक थांबत असेल, तर ती हृदयाच्या लयीतली गडबड असू शकते आणि मधल्या काळातला ईसीजी साफ दिसतो. थायरॉइड, रक्त कमी असणं, दम्याचा पंप, सकाळी दारू उतरल्यावरची थरथर, हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. तेवढं तपासावंच. पण तेवढ्यात काही न सापडल्यावर तिसरा इको करण्यापेक्षा खुर्ची पुढे ओढून दोन प्रश्न विचारावेत.

आणि ‘काही झालेलं नाही’ हे वाक्य बंद व्हावं. रुग्णाला ते ‘नाटक करतोयस’ असं ऐकू येतं. नातेवाईक मग ‘मन रमव, देवाचं कर’ सांगतात. चिंता सगळ्यांनाच असते असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही चिंतेपायी घरातून बाहेर पडणं सोडलंय का?

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. एसएसआरआय गटातली औषधं गुण यायला काही आठवडे घेतात आणि पहिल्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढवूही शकतात. हे न सांगितल्यामुळे कितीतरी लोक चौथ्या दिवशी गोळी फेकून देतात. जोडीला भीतीच्या जागी पायरीपायरीने परत जाण्याचा सराव. टेम्पोवाला आधी उभ्या गाडीत बसला, मग गावातल्या रस्त्यावर चालवली. आता दिवसा बाजारात जातो. रात्रीचा बोगदा बाकी आहे.

अल्प्राझोलामने मात्र वीस मिनिटांत बरं वाटतं, म्हणून तीच लक्षात राहते. ती ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद ठेवायची असते. प्रत्यक्षात काय चालतं ते वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून चौकटीऐवजी एवढंच छापा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. आणि कुणी रोज अल्प्राझोलाम किंवा तशी झोपेची गोळी महिनोन्‌महिने घेत असेल, तर हा लेख वाचून ती उद्यापासून एकदम बंद करू नये. अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करावी.