कायरनार्व्हनच्या कचेरीत

माझी सून बँगोरच्या इस्पितळात नर्स आहे. मुलगाही तिकडेच नोकरीला. दोघांनी फारच आग्रह धरला, म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तीन महिने त्यांच्याकडे राहून आलो. गावात सगळ्यांना वाटले, आम्ही लंडनला गेलो. पण बँगोर हे वेल्समध्ये. लंडनहून आगगाडीने साडेतीन-चार तास वायव्येला जायचे. हिरवे डोंगर, दगड रचून केलेल्या कुंपणांची शेते, सदा भुरभुरणारा पाऊस आणि जिकडे पाहावे तिकडे मेंढ्या. सबंध वेल्समध्ये माणसे एकतीस लाख आणि मेंढ्या जवळजवळ तिप्पट.

किल्ले पाहिले, समुद्र पाहिला. तिथला सर्वांत उंच डोंगर दुरून पाहिला. जग त्याला स्नोडन म्हणते, पण त्याचे मूळ नाव ‘अर विद्वा’. २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने ठरवले, की यापुढे आपण मूळ नावच वापरायचे. उंची १,०८५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पुष्कळ खाली. पण त्या लोकांना त्याचा अभिमान मोठा. असो. डोंगरांची वर्णने लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एकतीस वर्षे ग्रामसेवकाची नोकरी केलेला माणूस. मला कचेऱ्या पाहायला आवडतात. बायको म्हणते, “परदेशात जाऊनसुद्धा तुमची पंचायत काही सुटली नाही.” खरे आहे ते.

आमच्या शेजारी एक म्हातारी बाई राहत होती. ऐंशीच्या घरातली. डोंगरातल्या मेंढ्यांच्या शेतावर सगळा जन्म गेला, पुढे गुडघे थकले म्हणून नवरा-बायको शहरात राहायला आली, आणि त्या हिवाळ्यात नवरा वारला. मी त्यांना ‘बाई’ म्हणत असे. माझे इंग्रजी नोकरीपुरते, त्यांचेही थोडे अडखळते. इंग्लंडला चिकटलेल्या देशात अडखळते इंग्रजी कसे, असे मला पहिल्यांदा वाटले. मग सुनेने सांगितले, “बाबा, यांची भाषा वेगळी आहे. घरी, शेतात, बाजारात त्या वेल्शच बोलतात. इंग्रजी शाळेत शिकल्या.”

त्या भाषेला ते ‘कमराइग’ म्हणतात, देशाला ‘कमरी’. ‘वेल्श’ हे नाव इंग्रजांनी दिलेले. त्याचा मूळ अर्थ ‘परके’. आपल्याच घरात राहणाऱ्या माणसाला परका म्हणायचे आणि पुढे जगाने तेच नाव धरायचे!

एके दिवशी बाई म्हणाल्या, घरपट्टीच्या कामासाठी कायरनार्व्हनला कौन्सिलच्या कचेरीत जायचे आहे, येता का सोबतीला? तिथे नियम असा, की घरात एकच प्रौढ माणूस राहत असेल तर घरपट्टीत चौथा हिस्सा सूट मिळते. नवरा गेला, आता त्या एकट्या. हे काम टपालानेही झाले असते. पण त्यांचे म्हणणे, माणसासमोर बसून बोलल्याशिवाय काम झाल्यासारखे वाटत नाही. हे मला पटले.

बसने अर्धा तास लागतो. उजव्या हाताला सारा वेळ मेनायची अरुंद खाडी आणि पलीकडे अँगलसी बेट. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांनी ‘अराफ’ लिहिलेले, आणि त्याच्या जोडीला इंग्रजीत ‘स्लो’. अराफ म्हणजे सावकाश. पाट्यांवर वेल्श आधी आणि इंग्रजी मागून. कायरनार्व्हनला पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ साली बांधायला घेतलेला प्रचंड किल्ला आहे. वेल्श लोकांना धाकात ठेवण्यासाठी बांधलेला. आणि त्याच्या पायथ्याशी जे गाव वसले, तिथे आज सातशे वर्षांनंतर दहांतली आठ माणसे वेल्श बोलतात. कौन्सिलची कचेरी किल्ल्यापासून चार पावलांवर.

आत गेलो. खिडकीपाशी एक तरुण मुलगी बसली होती. तिच्या गळ्यात नारिंगी रंगाची पट्टी, तीवर बोलण्याच्या फुग्याचे चित्र. ही खूण दिसली, की समजायचे, हा कर्मचारी वेल्श बोलतो, बेलाशक बोला. पण खुणेची वाट कशाला? त्या मुलीने आधीच वेल्शमधून ‘नमस्कार, या’ म्हटले. बाई खुर्चीवर टेकल्या आणि बोलू लागल्या. घरी माझ्याशी इंग्रजीत चार शब्द जुळवताना थांबणाऱ्या या बाई तिथे पाटाच्या पाण्यासारख्या वाहू लागल्या. मध्येच डोळे पुसले. मुलीने लिहिणे थांबवले, काहीतरी हळू बोलली, मग पुन्हा लिहिले. मला एक शब्द कळला नाही, आणि सगळे कळले.

बाहेर आल्यावर मी विचारले, इतका वेळ काय बोलत होता? बाई म्हणाल्या, “ती विचारत होती, पत्र कुठल्या भाषेत पाठवू. मी म्हटलं, नवऱ्यानं आयुष्यभर वेल्शमध्ये घेतलं, मलाही त्यातच दे.” एकदा ही नोंद झाली, की पुढची पत्रे त्याच भाषेत यायला हवीत. हा तिथे कायद्याचा भाग आहे, कारकुनाची मर्जी नव्हे.

तिथेच मला आमच्या गावची एक गोष्ट आठवली, आणि परतीच्या बसमध्ये मी गप्पच राहिलो. १९८३ साल असेल. एका बाईचा नवरा विहिरीवर शॉक लागून गेला. त्याचा लहानसा विमा होता. पुढे तिला एक पत्र आले, इंग्रजीत टाइप केलेले. पोस्टमनने हातात दिले, तिने ते देवाच्या तसबिरीमागे ठेवले. वाचणार कोण? मी त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गेलो होतो, परतल्यावर इतर कामांत पडलो. तिनेही भिडेपोटी लगेच दाखवले नाही. दोन महिन्यांनी दाखवले, तेव्हा कळले, की अमुक तारखेच्या आत एक दाखला पाठवा, नाहीतर प्रकरण बंद होईल. तारीख उलटून गेली होती. मी नंतर तीन खेपा घातल्या. त्या कचेरीतल्या साहेबांनी मला इंग्रजीतूनच समजावून सांगितले, की आता काही होणार नाही. पैसे फार नव्हते. पण त्यात तिची एक म्हैस झाली असती.

वेल्सला हे सुख आयते मिळालेले नाही. १५३६ साली आठव्या हेन्री राजाच्या अमदानीत कायदा झाला, की कोर्टाचे कामकाज इंग्रजीत चालेल आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला सरकारी पद मिळणार नाही. पुढची चारशे वर्षे घर आणि देऊळ एका भाषेत, कचेरी दुसऱ्या भाषेत. एकोणिसाव्या शतकात काही शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवीत. दुसरा कोणी बोलताना सापडला, की तो त्याच्या गळ्यात. दिवसाअखेर ज्याच्या गळ्यात तुकडा, त्याला छडी.

मग एका कोळसा-खाणकामगाराने आणि त्याच्या बायकोने जे केले, ते वाचकांना मुद्दाम सांगतो. ट्रेव्हर आणि आयलीन बीसली हे जोडपे दक्षिण वेल्समध्ये लॅनेलीजवळच्या लॅनगेन्नेख गावी राहायचे. १९५२ साली त्यांना घरपट्टीचे बिल आले, नुसते इंग्रजीत. त्यांनी कळवले, वेल्शमध्ये बिल पाठवा, लगेच भरतो. गाव बहुतेक सगळे वेल्श बोलणारे, कौन्सिलचे मेंबरही त्यांच्यातलेच. तरी कौन्सिलने ऐकले नाही. कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या. बेलीफ आले, सामान जप्त झाले, पियानोसुद्धा गेला. घरात लहान मुले. पैसे नव्हते म्हणून नव्हे, कागद आपल्या भाषेत नाही म्हणून. आठ वर्षांनी, १९६० साली, कौन्सिल नमले आणि दोन्ही भाषांतले बिल आले. मी नोकरीत घरपट्टी वसूल केलेली आहे, जप्तीच्या नोटिसाही लावल्या आहेत. असा थकबाकीदार मला कधी भेटला नाही; भेटला असता तर मी त्याच्याशी कसा वागलो असतो, हे सांगायचे धाडस होत नाही.

पुढे १९६२ च्या फेब्रुवारीत साँडर्स लुईस नावाच्या साहित्यिकाने रेडिओवर भाषण केले आणि या जोडप्याचा दाखला देऊन म्हटले, की झगडायचे तर असे, कचेरीच्या दारात. त्याच वर्षी तरुणांची संघटना निघाली. १९६३ साली त्यांनी ॲबरिस्टविथचा पूल अडवला. कोर्टाचे समन्स वेल्शमध्ये हवे ही मागणी. इंग्रजी पाट्यांना रंग फासला, तुरुंगात गेले. मग १९६७ चा कायदा, १९९३ चा कायदा, आणि २०११ साली वेल्शला वेल्सची अधिकृत भाषा म्हणून मान्यता मिळाली आणि भाषा-आयुक्त नेमला गेला. २०१६ पासून प्रत्येक कौन्सिलला नियम लागू आहेत: फोन कसा घ्यायचा, फॉर्म कसा छापायचा, पाटी कशी लावायची. न पाळल्यास पाच हजार पौंडांपर्यंत दंड.

ग्विनेदची कौन्सिल मात्र या सगळ्यांच्या पुढे. तिथे नागरिकांपुरतेच नव्हे, आतले कामकाजही वेल्शमध्ये चालते. टिपणी वेल्शमध्ये, बैठक वेल्शमध्ये. मी एक दिवस मुद्दाम सभेला जाऊन बसलो. सभासद ६९. सभागृहाला दाविद ऑर्विग यांचे नाव आहे. हे धोरण आग्रहाने रुजवणाऱ्यांत ते होते. बोलणारा वेल्शमध्ये बोलतो, आणि ज्याला येत नाही त्याने कानाला यंत्र लावायचे, त्यात लगोलग इंग्रजी भाषांतर ऐकू येते. रस्त्यावरचे खड्डे, शाळेची गाडी, बाहेरच्या श्रीमंतांनी सुटीपुरती घेतलेली घरे. या शेवटच्या विषयावर आवाज चढले. एप्रिल २०२३ पासून ग्विनेदने अशा दुसऱ्या घरांवर घरपट्टीच्या दीडपट जादा कर बसवला आहे, कारण घरे महाग झाली, की तरुण गाव सोडतात, आणि तरुण गेले की भाषाही जाते. थोड्या वेळाने मी यंत्र काढून ठेवले. खड्ड्यांवरचे भाषण कुठल्याही भाषेत ओळखू येते.

सगळेच गोड आहे असे समजू नका. स्वान्झीला २००८ साली एक गंमत झाली. रस्त्याच्या पाटीचे भाषांतर हवे म्हणून कर्मचाऱ्याने भाषांतरकाराला ईमेल केली. लगेच वेल्शमध्ये उत्तर आले, ते पाटीवर रंगवून लावले. उत्तराचा अर्थ होता, ‘मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचे काम पाठवून द्या.’ भाषा न कळता नियम पाळला, की असे होते. शिवाय वेल्श बोलणारे लोक एकंदरीत कमीच. १९०१ साली निम्मी माणसे वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के, म्हणजे साधारण ५ लाख ३८ हजार. ग्विनेदमध्ये ६४.४, तर दक्षिणेत ब्लायनाय ग्वेंटमध्ये जेमतेम ६. तिकडचे लोक विचारतात, इतक्या थोड्यांसाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न अगदीच वेडा नाही. सरकारने मात्र २०५० पर्यंत दहा लाख वेल्श बोलणारे करायचे ठरवले आहे.

दुसरी अडचण मला घरातल्यासारखी वाटली. फॉर्म वेल्शमध्ये असला तरी पुष्कळ वेल्श माणसे इंग्रजीच उचलतात, कारण कचेरीची वेल्श जड. बोलण्यात नसलेले शब्द. म्हणून बँगोरच्या विद्यापीठाने ‘कमराइग क्लिर’, म्हणजे साधी स्वच्छ वेल्श कशी लिहावी, याचे धडे कर्मचाऱ्यांसाठी काढले. आपल्याकडे १९६४ चा राजभाषा कायदा आहे, २०२२ साली स्थानिक संस्थांसाठीही मराठीचा कायदा झाला. पण ‘अधोस्वाक्षरितास विहित नमुन्यात’ असली वाक्ये मी स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत. लिहिताना मोठे वाटायचे.

सुनेचा अनुभव निराळा. ती सांगते, म्हातारपणी बुद्धीला विसर पडू लागला, की मागून शिकलेली भाषा आधी जाते. इंग्रजी बोलणारे आजोबा एक दिवस फक्त वेल्श बोलू लागतात. अशा वेळी ‘दुखते कुठे’ हे विचारायला तरी त्यांची भाषा हवी. दुखण्याला ‘पॉइन’ म्हणतात, हा तिने शिकलेला पहिला शब्द.

दोनेक आठवड्यांनी बाई पाकीट घेऊन आमच्याकडे आल्या. सूट मंजूर झाली होती. पत्र वेल्शमध्ये, पाठीमागे इंग्रजी. मला आकडे तेवढे वाचता आले. बाईंनी सावकाश सगळे मोठ्याने वाचून दाखवले, आमच्या हिला सुद्धा, जिला ना वेल्श येते ना इंग्रजी. मग विचारले, तुमच्याकडे शेतकऱ्याचा कागद कुठल्या भाषेत असतो?

मी अभिमानाने सांगितले, सातबारा आमच्या मराठीत असतो.

“आणि तो सगळ्यांना वाचून कळतो?” बाईंनी विचारले.

मी ‘पोटखराबा’, ‘आकारणी’, ‘भोगवटादार वर्ग दोन’ हे शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिले. मग हिला म्हटले, “चहा टाक बघू, बाईंना थंडी वाजत असेल.”