डफड्याची थाप आणि नवें गाणें

जाम हें गांव वर्धा जिल्ह्याच्या नकाशावर लहानसें दिसतें. परंतु रस्त्यांच्या हिशेबानें तें मोठें आहे. नागपुराहून दक्षिणेस निघालेला हमरस्ता येथें दुभंगतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चांद्याकडे. त्यामुळें नाना प्रांतांच्या मालमोटारी चौकांत घटकाभर थांबतात आणि प्रत्येकीच्या कर्ण्यांतून तिच्या मुलखाचें गाणें बाहेर पडतें. पंजाबी, तेलुगू, भोजपुरी, सर्व कांहीं आमच्या ओसरीवर बसल्या बसल्या ऐकूं येतें. घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत असल्यामुळें कोणतें गाणें चांगलें यावर मतभेदहि तितकेच आहेत.

नागपुरास शिकणारा आमचा पुतण्या गेल्या उन्हाळ्यांत घरीं आला, तो नायजेरियाचीं गाणीं घेऊन. "काका, एकदां ऐका तर खरें," असा त्याचा आग्रह. आम्हीं ऐकलें. शब्द एकहि कळला नाहीं, पण आमच्या वडील भगिनी पलीकडे गहूं निवडीत होत्या, त्यांनीं सूप खालीं ठेवून विचारलें, "काय रे, हा गोंधळी कुठला?" मुलें हंसलीं. आम्हांस मात्र तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं.

ज्या गाण्यास आज जगभर 'ॲफ्रोबीट्स' म्हणतात, त्याचा पूर्वज 'ॲफ्रोबीट' होय. नांवांत एका अक्षराचाच फरक आहे, पण मध्यें एक पिढी गेली आहे. पूर्वजाचा कर्ता फेला कुटी. तो १९३८ मध्यें आबेओकुटा येथें जन्मला. घरच्यांनीं १९५८ मध्यें वैद्यक शिकण्यास लंडनला धाडला, तर या चिरंजीवांनीं तेथें संगीत महाविद्यालयांत नांव घातलें! आपल्याकडील किती घरांस हा प्रसंग ओळखीचा वाटेल, हें आम्ही सांगावयास नको. पुढें त्यानें योरुबा लोकांचे पिढीजात ताल, पश्चिम आफ्रिकेंतील 'हायलाइफ' हें नाचगाणें आणि अमेरिकेंतील जॅझ व फंक यांचा मेळ घातला. या मेळाचा कणा होता टोनी ॲलन नांवाचा ढोलवादक; त्याच्यावांचून ॲफ्रोबीट झालेंच नसतें, असें फेला स्वतः म्हणे. त्याच्या गाण्यानें राज्यकर्त्यांस इतकें झोंबलें कीं, १९७७ मध्यें सैन्यानें त्याचें घर जाळलें आणि त्याच्या वृद्ध मातेस खिडकींतून खालीं फेंकलें. पुढील वर्षीं ती वारली. आजच्या पिढींतील बर्ना बॉय यास २०२१ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. त्याचे मातामह एके काळीं फेलाचे व्यवस्थापक होते. म्हणजे तेथेंहि हें घराणेंच म्हणावयाचें.

योरुबा लोकांचें एक वाद्य आहे. डमरूसारखें मध्यें निमुळतें, काखेंत धरावयाचें. दोऱ्या काखेनें आवळल्या कीं नाद चढतो, सैल सोडल्या कीं उतरतो. त्यांची भाषाच अशी कीं, स्वराच्या चढउतारानें शब्दाचा अर्थ बदलतो; म्हणून जाणत्यास तो ढोल बोलतांना ऐकूं येतो. हें वाचीत असतां आम्हांस आपलें चौंडकें आठवलें. यल्लम्माचे जोगती व जोगतिणी तें काखेंतच धरतात. एका बाजूस कातडें, त्यांतून निघालेली तार दुसऱ्या हातानें ताणावयाची, आणि ती छेडतांना ताण कमीजास्त केला कीं नाद रडल्यासारखा वरखालीं होतो. दोन्ही वाद्यांत कांहीं नातें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आत्याबाईंना गोंधळी आठवला, तो उगीच नव्हे.

पुतण्याचा पुढचा प्रश्न होता, "मग असें कोणी आपल्याकडे कां करीत नाहीं?" करीत आहेत, आणि चांगले वीस वर्षांवर करीत आहेत. अजय व अतुल गोगावले या बंधूंचें नांव मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? वडील महसूल खात्यांत. बदल्या होत तसें बिऱ्हाड पुणें जिल्ह्यांतील गांवोगांवीं हिंडे. संगीताची रीतसर तालीम नाहीं. जत्रेंतला गोंधळ, भारूड, लावणी हींच त्यांची पाठशाळा. २००४ च्या 'अगं बाई अरेच्चा' या चित्रपटांतील त्यांची 'मल्हारवारी' प्रथम ऐकली, तेव्हां खंडोबाचा जागर कोणी एकाएकी दिवाणखान्यांत आणून मांडावा तसें आम्हांस वाटलें होतें. 'जोगवा' या चित्रपटाच्या संगीतास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि तो चित्रपट त्या चौंडकेंवाल्या जोगत्यांचाच आहे. २०१० च्या आरंभीं 'नटरंग' आला आणि तमाशाचें नांव काढतांच ज्यांच्या कपाळास आठी पडे, त्या घरांतूनहि ढोलकी घुमूं लागली.

पण त्यांचें खरें धाडस 'सैराट'मध्यें. २०१६ च्या या चित्रपटांतील गाण्यांसाठीं पाश्चात्य वाद्यवृंद अमेरिकेंत हॉलिवुड येथें, सोनी कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत, तेथील वादकांकडून वाजवून घेतला. सोलापुराकडच्या बोलीचें गाणें आणि त्याच्या पाठीशीं व्हायोलिनांचा तो ताफा! ऐकण्यापूर्वीं कोणीहि म्हटलें असतें कीं, हें धोतरावर टाय बांधण्यासारखें होईल. तसें झालें नाहीं. याचें कारण आम्हीं पुष्कळ वेळां ऐकून शोधण्याचा यत्न केला. आम्हांस असें दिसतें कीं, या बंधूंनीं गाण्याची चाल आणि तिची चालण्याची ढब हीं दोन्ही गांवाकडचींच ठेवलीं. व्हायोलिनें येतात तीं चालीस वळण लावावयास येत नाहींत. ती ओढ्यासारखी वाहते आणि हीं दोहों कांठांनीं झाडें होऊन उभीं राहतात. 'झिंगाट' या गाण्यांत तर ताल म्हणजे निव्वळ वरातीची चाल आहे. पाऊल जमिनीवर आपटावें कीं उचलावें, हें तेथें डोक्यास विचारावें लागत नाहीं. फेलाच्या गाण्यांतहि हेंच. शिंगें व गिटारी परदेशच्या, पण पाऊल लेगॉसच्या गल्लींतलें.

याउलट पुष्कळ नवीन गाण्यांत संबळ किंवा तुतारी मिठाईवरच्या वर्खासारखी लावलेली असते. चार मात्रा वाजली, मराठीपणाची नोंद झाली, पुढें सर्व यंत्राचें. वर्ख पोटांत जातो, पण त्यानें पोट भरत नाहीं. गोगावले बंधूंवरहि आमचा एक आक्षेप आहेच: गोड प्रसंगीं त्यांचा वाद्यमेळ कधीं कधीं इतका फुगतो कीं, गाणाऱ्याचा श्वास ऐकूं येईनासा होतो. असो.

जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांस हा सर्व प्रकार भ्रष्टाकार वाटतो. त्यांच्या घरीं रोज सायंकाळीं पेटीवर पदें होतात. ती पेटी मूळची युरोपची, हें त्यांस आम्हीं विनयपूर्वक सांगितलें. आकाशवाणीनें १९४० मध्यें तिला परकी व बेसूर ठरवून कार्यक्रमांतून काढून टाकलें, तो बहिष्कार तीस वर्षांवर टिकला. तरी घराघरांतली पेटी कांहीं हालली नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० व १८८२ मध्यें 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' रंगभूमीवर आणलीं, तेव्हां कीर्तनांतल्या साक्या-दिंड्यांबरोबर लावणीच्या चालीहि घेतल्या, आणि आपल्या पणज्या तीं पदें जात्यावर गुणगुणूं लागल्या. तें आज शुद्ध व जुनें ठरलें आहे. स्नेही म्हणाले, "तें निराळें." निराळें कसें, तें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं.

येथपर्यंतचा वाद सुपारी खात खात करण्याजोगा आहे. पुढचा तसा नाहीं.

ज्यास पश्चिम महाराष्ट्रांत हलगी म्हणतात, त्याच जातीचें आमच्याकडचें वाद्य म्हणजे डफडें. कड्यावर ताणलेलें कातडें, एका हातांत जाड टिपरूं, दुसऱ्यांत बारीक लवचिक काडी. हें वाजविणें खेडोपाडीं विशिष्ट जातींच्या पदरीं बांधलेलें होतें, मजुरी म्हणून नव्हे तर गांवकीचें काम म्हणून. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणें आलें कीं निघावें, वाजवावें, आणि मांडवाबाहेर पान वाढलें तर जेवावें. नागपुरास १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनीं हें वाजविणें निश्चयानें सोडलें, आणि तें योग्यच केलें. ज्यांनीं चालूं ठेवलें, त्यांचें पोट त्यावर होतें. आतां त्याच तालाचें गाणें यंत्रांत भरून आलें आहे. आमच्या सुना-मुली मांडवाच्या आंत त्यावर नाचतात, आणि ज्याच्या हातांतून तो ताल निघाला त्यास बोलावणें येत नाहीं, कारण डीजेवाला आला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोंचते. 'सैराट' ही एका उच्च गणलेल्या घरच्या मुलीची व खालच्या गणलेल्या घरच्या मुलाची कथा आहे; तीं लग्न करतात, आणि शेवटीं मुलीच्या माहेरचे येऊन दोघांचा जीव घेतात. त्या चित्रपटाचें गाणें आज पत्रिका, गोत्र व पोटजात जुळवून ठरविलेल्या लग्नांतहि वाजतें. वऱ्हाडी मंडळींस त्यांत विसंगत कांहींच वाटत नाहीं. गाणें दारांतून आंत येतें. कथा उंबऱ्याबाहेर उभी राहते.

गेल्या फाल्गुनांत आमच्या घरीं पुतणीचें लग्न झालें. वराचें घर आपल्या जातींतलें नव्हे, आणि ही गोष्ट मान्य होण्यास दीड वर्ष लागलें; तें येथें विस्तारानें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. वाजंत्रीचा प्रश्न त्या मानानें क्षुल्लक, पण त्यावरहि तीन रात्री बैठक झाली. मुलांस डीजे हवा होता. आमचे बंधू सनई-चौघड्याच्या ध्वनिमुद्रणावर संतुष्ट होते. आत्याबाई म्हणाल्या, "डफडें आणा, आणि वाजविणारे मांडवांत बसतील, बाहेर नाहीं." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या घरांत सर्वांत वडील आहेत, आणि गेल्या दीड वर्षांत त्यांनीं पुतणीची बाजू एकदांहि सोडली नव्हती.

जवळच्या खेड्यांतून चौघे जण आले. पूर्वीं कातडें तापविण्यास विस्तव लागे आणि तो मागल्या दारानें, लांबून, खापरींत घालून दिला जाई. या वेळीं आमच्या वहिनी शेगडी घेऊन अंगणांत आल्या, तर त्यांतला म्होरक्या म्हणाला, "बाई, राहूं द्या. आतां हें कातडें नाहीं, फायबर आहे. तापवावें लागत नाहीं, पावसांत उतरत नाहीं." नाद मात्र थोडा टणक येतो, असेंहि त्यानें सांगितलें, एक जुनें, कातड्याचें डफडें त्यानें पोत्यांत गुंडाळून आणलें होतें, सीमांतपूजनास तेंच वाजविलें. मुलांनीं 'झिंगाट' मागितलें. त्यानें तें वाजविलें, पण मधल्या एका ठिकाणीं थांबून म्हणाला कीं, सिनेमांत हा तोडा अर्धाच घेतला आहे. आणि उरलेला अर्धा त्यानें वाजवून दाखविला. पुतण्या भ्रमणध्वनी समोर धरून ध्वनिमुद्रण करीत होता. तें त्यानें नायजेरियाच्या गाण्यांच्या शेजारीं सांठवून ठेवलें आहे.

बिदागीवरून थोडी ओढाताण झाली. म्होरक्यानें डीजेवाल्याच्या दराच्या निम्मी रक्कम सांगितली होती. आमच्या बंधूंस ती जास्त वाटली. चार माणसें, पांच तास, आणि जाण्यायेण्याचें भाडें असा हिशेब पुतणीनें स्वतः मांडला, हळदीच्या हातांनीं, आणि पैसे सांगितले तितके दिले गेले. मार्गशीर्षांत धाकट्या पुतण्याचें लग्न आहे. त्यासाठीं याच चौघांस बोलवावें कीं नाहीं, यावर घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.