कोयत्याच्या हिशेबात बाळंतपण

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर भागात बीडकडच्या ऊसतोडणी टोळ्या उतरतात. रविवारी आम्ही कोप्यांवर जातो. गरोदर बाई दिसली की विचारतो, कार्ड कुठे आहे? बहुधा ते गावीच राहिलेले असते. इथल्या आशाताईंच्या यादीत तिचे नाव नाही, गावच्या यादीत ती 'बाहेरगावी'. मग अंगात रक्त किती, हे कोण बघणार?

आम्ही कारकून माणसे, हिशेबात मुरलेली. पण कोयत्याचा हिशेब बोचतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांची. ती घरी राहिली की खाडा! म्हणून दिवस भरत आले तरी बाई डोक्यावर मोळी वाहते. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती-रजेसाठी बाबासाहेब 1928 साली मुंबई कायदेमंडळात बोलले, 1929 ला कायदा झाला. 2017 पासून कचेरीतल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे मिळतात. फडातल्या बाईला काय मिळते?

कोपीत थंडी शिरते. अडीच किलोच्या आतले बाळ लवकर गार पडते. त्याला अंघोळीची घाई नको. आईच्या उघड्या छातीशी धरून वर गोधडी घ्यावी, पहिल्या तासात चिकाचे दूध पाजावे. मध चाटवू नये (ही हौस आपल्या आजीबाईंचीही). बाळ दूध ओढेनासे झाले तर 108 लावावा. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, गाडी मोफत आहे.

वाचकहो, आपल्या शिवारात टोळी असेल तर गरोदर बाईचे नाव उपकेंद्रात नोंदवून या. कार्ड नसले तरी नोंद होते.